गीर प्रकल्प नोंदी : तीन सिंहिणी, दोन जोड्या (नोव्हेंबर २०२४ ते जून २०२५)

१८ नोव्हेंबर २०२४

पावसाळ्यानंतरचा पहिला पूर्ण आठवडा संपला. गवत अजून कंबरेएवढं उभं आहे, धावडा हिरवागार आहे, दहा पावलांवर बसलेला सिंह दिसत नाही. आठवड्यात सहा वेळा सिंह भेटले, ओळख पटली ती चार वेळाच. बाकी दोन नोंदींपुढे ‘अनोळखी’ लिहून ठेवलं. अंदाजाने नाव लिहायचं नाही, हे मी पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलं आहे.

ताडोबात दोन हंगाम काम करून इथे आले, तेव्हा वाटलं होतं की वाघ ओळखता येतो तर सिंहही येईल. पण वाघाचे पट्टे एका बाजूने स्वच्छ टिपले की काम झालं. सिंहाचं सगळं अंग एका रंगाचं. कानाची खाच, तुटका सुळा, जुना व्रण, आयाळीचा रंग, या सगळ्या खुणा मदतीला येतात, पण त्या बदलतात. वर्षभरात आयाळ गडद होते, भांडणात नवी खाच पडते. न बदलणारी खूण एकच, मिशांचे ठिपके. पेनिक्विक आणि रुडनाई यांनी १९७० मध्ये नैरोबीच्या सिंहांवरून ही पद्धत मांडली आणि आजही आम्ही तीच वापरतो. मिशा उगवतात त्या ठिपक्यांच्या आडव्या ओळी असतात. सगळ्यांत वरच्या अर्धवट ओळीत मोजकेच ठिपके असतात. त्यांतला प्रत्येक ठिपका खालच्या पूर्ण ओळीतल्या कोणत्या दोन ठिपक्यांच्या मध्ये येतो, ते बघायचं. डावा गाल वेगळा, उजवा वेगळा, म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो लागतात. सिंह जांभई देतो, मान वळवतो, मिशांवर माशा बसतात. एका चेहऱ्यासाठी कधीकधी तीन तास जातात.

ज्यांच्या मागे या हंगामात राहायचं आहे ते असे. कळपात तीन सिंहिणी. ‘म्हातारी’ सगळ्यांत थोरली, खालचा डावा सुळा तुटलेला, सोबत साधारण चार महिन्यांचे दोन छावे. ‘खाच’चा उजवा कान टोकाशी फाटलेला. ‘लेक’ म्हातारीचीच मुलगी, तीन वर्षांच्या आतली. ओढ्याच्या पश्चिमेला ‘काळ्या’ आणि ‘फिका’ ही नरांची जोडी, पूर्वेच्या डोंगराळ भागात ‘रुंद्या’ आणि ‘मुका’. मुक्याचं नाव काकांनी ठेवलं, कारण डरकाळी नेहमी रुंद्याच सुरू करतो.

काका आमचे ट्रॅकर. नेसात, म्हणजे गुरं पाळणाऱ्या मालधाऱ्यांच्या जंगलातल्या वस्तीत जन्मले, तीस वर्षं सिंहांच्या मागावर आहेत. इकडे सिंहाला ‘सावज’ म्हणतात, काठियावाडी तोंडात त्याचं ‘हावज’ होतं. आपल्याकडे सावज म्हणजे ज्याची शिकार होते ते. पहिल्या महिन्यात काका वायरलेसवर ‘हावज’ म्हणाले की मी चितळ शोधत बसायची.

नेमक्या जागा या नोंदींत लिहिणार नाही. रात्री आमिष बांधून लोकांना चोरून सिंह दाखवणारे आजही आहेत, त्यांच्या हाती आमच्याकडून काही जाऊ नये.

३ डिसेंबर

सकाळी ७.१० ला मारण सापडलं. नीलगाय (आमच्या विदर्भातली रोही), बहुधा पहाटेच पाडलेली. काळ्या एकटा खात होता आणि फिका पंधरा मीटरवर, पुढच्या पायांवर हनुवटी टेकून. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत आली होती. नजर मात्र मारणावर नव्हती, भलतीकडेच होती.

काळ्याने पोटाकडून सुरुवात केली. आतडी पंजाने बाजूला ओढली, मग मांडीचं मांस. बरगडी मोडल्याचा आवाज पन्नास मीटरवर जिप्सीत ऐकू आला. ७.४१ ला फिका उठला, चार पावलं पुढे आला. काळ्याने डोकं न उचलता घशातून खोल गुरगुर काढली, फिका जागीच बसला. ८.०२ ला पुन्हा तसंच. ८.२६ ला काळ्या उठून सावलीत गेला, तेव्हा कुठे फिक्याची पाळी आली. तोवर पोट आणि मागचा भाग संपला होता. मान, खांदा आणि कातडं राहिलं होतं.

भारतीय वन्यजीव संस्थेच्या स्तोत्र चक्रवर्ती आणि यादवेंद्रदेव झाला यांनी २०१७ मध्ये गीरच्या जोड्यांबद्दल हेच आकड्यांत मांडलं. वरचढ नराला मारणातून जोडीदारापेक्षा ४७ टक्के जास्त खायला मिळतं आणि ७० टक्क्यांहून अधिक मिलनं त्याच्याच वाट्याला जातात. हा आकडा मी वर्षभर तोंडाने सांगत होते. आज ती लाळेची तार बघितल्यावर तो मला खरा कळला.

मग फिका राहतो कशाला? एकट्या नराला इलाका राखता येत नाही, म्हणून. दुसऱ्या पानावर जेवणारा जोडीदारही एकट्या फिरणाऱ्यापेक्षा सुखी असतो. आफ्रिकेत चार-पाच नरांच्या टोळ्या असतात आणि एवढ्या मोठ्या टोळ्यांतले नर नात्यातलेच असतात. जोड्यांमध्ये मात्र पुष्कळदा काही नातं नसतं. आमच्या या दोघांचं नातं काय, ते डीएनएशिवाय सांगता येणार नाही. दोघांची विष्ठा गोळा करून ठेवली आहे.

१९ डिसेंबर

चूक सापडली आणि ती माझी आहे.

गेल्या पंधरा दिवसांत तीन वेळा ‘फिका, एकटा, ओढ्याच्या पूर्वेला’ अशी नोंद मी केली होती. त्यावरून जोडी फुटते आहे, असा तर्कही मांडून बसले होते. आज संध्याकाळी फोटो लावताना कालच्या फोटोतला डावा गाल मोठा करून पाहिला. वरच्या ओळीत तीन ठिपके. फिक्याला डावीकडे दोनच आहेत. तो मुका होता, तिन्ही वेळा. दोघांची आयाळ फिकट, दोघांचे कान उघडे, उन्हात आणि गवतात मी आयाळ बघून नाव लिहीत गेले. लाल शाईचा नियम मीच मोडला.

काकांना सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, “बेन, मोढुं जोयुं?” तोंड पाहिलंत का? नव्हतं पाहिलं.

तिन्ही नोंदी खोडून, तारीख घालून, दुरुस्त केल्या. जुनी नोंद दिसेल अशीच खोडली आहे. पुढे कोणी ही वही वाचेल तर चूक कुठे झाली होती तेही त्याला दिसायला हवं.

२६ डिसेंबर

तीन दिवस एकही सिंह नाही. थंडी. ठसे जुने, कडा ढासळलेल्या. वानरांचा एक इशारा, तो बिबट्यासाठी निघाला.

१२ जानेवारी २०२५

खाच माजावर आली. ९ तारखेला सकाळी ती आणि काळ्या कळपापासून वेगळे, करवंदीच्या जाळीपाशी सापडले. आज चौथा दिवस.

साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी एकदा मिलन. मिनिटभरही लागत नाही. ती उठते, त्याच्यासमोरून शेपटी हलवत जाते, बसते. शेवटी तो तिच्या मानेवर दात टेकवतो, ती वळून पंजा उगारते, तो मागे उडी मारतो. मग दोघं झोपतात. काल सकाळी ६ ते संध्याकाळी ६ या बारा तासांत २९ वेळा. चारही दिवस दोघांनी काही खाल्लेलं दिसलं नाही. काळ्याच्या बरगड्यांची रेघ दिसू लागली आहे.

फिका पहिल्या दिवशी शंभर मीटरवर होता. दुसऱ्या दिवशी दोनशेवर. आज दिसला नाही. रात्री पश्चिमेकडून त्याची एकट्याची डरकाळी आली, काळ्याने इकडून उत्तर दिलं. शेजारी सिंहीण असताना, उपाशी असतानाही त्याने उत्तर दिलं. हद्द दोघांची आहे.

३० जानेवारी

आजची नोंद नीट लिहायची आहे.

खाच पुन्हा माजावर आली, म्हणजे मागच्या वेळी गर्भ राहिला नव्हता. २६ तारखेला संध्याकाळी काकांना तिचा माग ओढ्याकडे जाताना मिळाला. वाळूत उतरलेला, पाण्यातून पलीकडे निघालेला. आम्ही सकाळी पूर्वेला गेलो. तिसऱ्या घळीत ती होती आणि तिच्यापासून दोन हातांवर रुंद्या. आज चौथा दिवस. चारही दिवस दोन्ही गालांचे फोटो घेतले. खाच : उजव्या कानाची फाट, उजव्या गालावर वरच्या ओळीत चार ठिपके. रुंद्या : डावीकडे तीन, उजवीकडे दोन. शंकेला जागा नाही. डिसेंबरची ती चूक सापडली नसती तर ओढ्याच्या पूर्वेला ‘फिका’ फिरतो असं माझ्या वहीत राहिलं असतं, मग या ओढा ओलांडण्याला काही अर्थच उरला नसता.

गीरमध्ये नर आणि माद्या एरवी वेगळे राहतात. आफ्रिकेत कळपाबरोबर नर बराच काळ दिसतात. इथे मिलनाला किंवा मोठ्या मारणावर भेट होते, एरवी आपापली वाट. चितळ हे इथलं मुख्य भक्ष्य, ते दोन-तीन सिंहिणींनाच कसंबसं पुरतं. आणि नरांच्या हद्दी सिंहिणींच्या फिरण्याशी जुळत नाहीत. एकाच कळपाच्या इलाक्यात दोन जोड्यांच्या हद्दी येऊन मिळतात. आमच्या तिघींच्या इलाक्याच्या मधून तो ओढा जातो.

नवा नर आला की आधीच्या नराचे छावे मारतो, हे आफ्रिकेतल्या सेरेंगेटीपासून सगळीकडे पाहिलं गेलं आहे. दूध पिणारे छावे गेले की सिंहीण लवकर माजावर येते. त्यावर गीरच्या सिंहिणींचा उपाय चक्रवर्ती आणि झाला यांनी २०१९ मध्ये दाखवला. त्या शेजारच्या, एकमेकांशी वैर असलेल्या जोड्यांतल्या नरांशीही मिलन करतात. छावे कोणाचे याचा नरांना पत्ता लागत नाही आणि आपले असतील त्यांना कोणी मारत नाही.

रात्री मागच्या वर्षीची वही काढली. मार्च २०२४, म्हातारी. ६ ते ९ मार्च रुंद्याबरोबर, ओढ्याच्या पूर्वेला. २४ ते २७ मार्च काळ्याबरोबर, पश्चिमेला. ही वही माझ्या आधीच्या सहकाऱ्याची, अक्षर सुंदर, गालांची रेखाटनं नेमकी. छावे जुलैत झाले. खाच आज जे करते आहे ते तिने तेव्हा म्हातारीला करताना पाहिलं असेल का, हा प्रश्न मनात येतो. डेटाशीटमध्ये त्याला रकाना नाही, म्हणून इथे लिहिते.

२१ फेब्रुवारी

साग निष्पर्ण झाला आहे. पानांवर पाऊल पडलं की पापड मोडल्यासारखा आवाज, पायी माग काढणं अवघड. पण लांबवर दिसतं आता.

दोन्ही जोड्यांच्या डरकाळ्या ओढ्याच्या जवळ सरकत आहेत. आठवड्यात पाच रात्री, दोन्ही बाजूंनी. मागच्या महिन्यात मधलं अंतर चार-पाच किलोमीटरचं असायचं, काल रात्री दीडवर आलं होतं.

दुपारी नेसात गेलो. काल तिथली एक पाडी उचलली गेली. घरातले ‘आता’ (इकडे वडीलधाऱ्यांना असं म्हणतात) बाजेवर बसले होते. त्यांच्या सुनेने रकाबीत चहा ओतून दिला, दाट, म्हशीच्या दुधाचा. मी पंचनाम्याचं विचारलं. वनरक्षक येऊन गेला, अर्ज झाला. मग ‘आता’ म्हणाले, “बेन, पाडी गेली त्याचं वाईट वाटतं. पण रात्री हावज बोलला नाही तर आम्हालाच झोप लागत नाही.” हे पाहुण्यांना ऐकवायचं वाक्य असेल, असं मला आधी वाटलं होतं. पण मग त्यांनी गेल्या चार रात्रींत कोण कुठून किती वेळा बोललं ते सांगितलं. माझ्या नोंदींशी ताडून पाहिलं, एकाच ठिकाणी फरक आला. आणि तिथे मी झोपले होते.

१९६८ च्या गणनेत सगळ्या गीरमध्ये १७७ सिंह होते. त्या काळात त्यांच्या पोटात जाणाऱ्या मांसाचा मोठा वाटा मालधाऱ्यांच्या गुरांचा होता. आज रानातली जनावरं वाढली आहेत. तो मधला काळ सिंहांनी या म्हशींवर काढला, हे कुठल्याही अहवालाच्या पहिल्या पानावर यायला हवं.

१४ मार्च

धुळवड. पळस पेटल्यासारखे फुलले आहेत.

पहाटे ३.४० ला ओढ्याकडून आवाज. डरकाळी नव्हती, भांडणाचा आवाज होता, दोन-तीन मिनिटं चाललेला. नंतर एक डरकाळी, रुंद्याची. तिच्या शेवटाला जोडून दुसरी, मुक्याची. मुका बोलला.

उजाडल्यावर वनरक्षकांबरोबर गेलो. ओढ्याच्या वाळूत दहा-बारा मीटरचा पट्टा उखडलेला. आयाळीचे पुंजके, काळे थोडे, फिके जास्त. करंजाच्या एका मुळावर रक्त. काकांनी वाळू वाचली, मी मागून लिहीत गेले. पूर्वेकडून दोन आले, एकमेकांना लागून. पश्चिमेकडून एक धावत आला. दुसरा त्याच्या मागून, पण त्याचे ठसे भांडणाच्या जागेच्या अलीकडे वीस मीटरवर थांबलेले, मागे वळलेले.

मी म्हटलं, मागे थांबला तो फिका असणार. नेहमी मागेच असतो.

काका वाकले. थांबलेल्याचा पुढचा पंजा वितीने मोजला, मग पुढे गेलेल्याचा. “मागचा मोठा आहे, बेन. हा काळ्या.”

फिका पुढे गेला होता.

१७ मार्च

काल दुपारी वायरलेसवर निरोप आला. फिका बांबूच्या बेटाजवळ मेलेला सापडला. खात्याचे पशुवैद्य आले, शवविच्छेदन झालं. कंबरेच्या मणक्याजवळ आणि मागच्या दोन्ही मांड्यांवर चाव्याच्या खोल जखमा, आत पू. नखं सगळी होती, दात सगळे होते. शिकार नाही, विष नाही. संध्याकाळी अधिकाऱ्यांच्या समोर दहन झालं.

मी शेवटचे फोटो घेतले. डावा गाल दोन, उजवा तीन. अंगात जीव नसलेला सिंह स्थिर असतो, ठिपके इतके स्पष्ट मला आधी कधी मिळाले नव्हते. फोटो घेताना हात थरथरत होते, तरी सहा घेतले. डिसेंबरात मी तीन वेळा त्याच्या नावावर दुसऱ्याचं आयुष्य लिहिलं होतं. निदान ही शेवटची नोंद त्याचीच आहे.

६ एप्रिल

काळ्या दक्षिणेला सरकला आहे. डरकाळी नाही. २ तारखेला एका बागेच्या कडेला दिसला, वाळलेला, कान पुढे, सारखा मागे बघत. बारा दिवसांत एकदाच.

दुसरी काळजी. गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या गाईवर सकाळी सात कुत्री आणि शंभर मीटरवर सिंहिणीचे ताजे ठसे. वनखात्याला लगेच कळवलं, त्यांनी संध्याकाळपर्यंत ते धूड पुरलं. २०१८ च्या सप्टेंबरात दलखाणिया रेंजमध्ये तीन आठवड्यांत २३ सिंह मेले, त्यांच्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. कुत्र्यांचा रोग. १९९४ मध्ये याच विषाणूने सेरेंगेटीतले जवळपास एक तृतीयांश सिंह नेले होते. तिथे उरलेले दोन तृतीयांशही काही कमी नव्हते. आपल्याकडे आशियाई सिंह रानात एवढ्या एकाच पट्ट्यात आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवायला सांगितलं होतं. अजून एकही गेलेला नाही. मला हे पटत नाही. काकांना सिंह दुसरीकडे जाणं पटत नाही. आम्ही दोघं रोज एकाच जिप्सीत बसतो आणि हा विषय टाळतो.

१९ एप्रिल

ज्याची भीती होती ते आज समोर झालं.

संध्याकाळी ६.२०, पाण्याची कुंडी. म्हातारी, लेक आणि नऊ महिन्यांचे दोन छावे पाण्यावर. वारा आमच्याकडे. पूर्वेच्या पायवाटेने रुंद्या आला, शंभर मीटरवर थांबला. मागून मुका.

लेक लगेच मागे सरली. छावे पाणी प्यायचे थांबले, तोंडातून थेंब गळत, पोटं जमिनीला टेकवून. म्हातारी वळली आणि दोघांच्या आणि रुंद्याच्या मध्ये आडवी उभी राहिली. कान मागे, तोंड उघडं, तुटका सुळा दिसत होता. तो सरळ चालत आला. पन्नास मीटर. तीस. तिने गुरगुर सुरू केली, तो थांबला नाही. दहा मीटरवर तिने झेप घेऊन त्याच्या तोंडावर पंजा मारला. मोठा आवाज झाला. त्याने मान बाजूला केली, डोळे मिटले, उलटून मारलं नाही. मग मान लांब करून तिच्या मागच्या भागाचा वास घेतला. नंतर एका छाव्याकडे पाहिलं. छावा पाठीवर पडला, पोट वर.

६.३१. रुंद्या त्याच्या बाजूने गेला. कुंडीशी बसला. पाणी पीत राहिला, मी मोजलं, चार मिनिटं.

मुका आलाच नाही, पायवाटेवर बसून राहिला. ७.३५ ला अंधार झाला तेव्हा सहाही जण चाळीस मीटरच्या आत होते. मला श्वास घ्यायला आठवण करावी लागत होती. काकांनी पूर्ण वेळ उजवा हात माझ्या मनगटावर ठेवला होता, हे मला हात काढल्यावर कळलं.

मार्च २०२४, ६ ते ९, ओढ्याच्या पूर्वेला, रुंद्याबरोबर. ही एकच घटना आहे, एका घटनेवरून काही सिद्ध होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना सांगते तेच इथे लिहिते. पण ते सुंदर अक्षरातलं पान मी आज पुन्हा उघडून ठेवलं आहे.

२४ मे

१० ते १३ मे सिंहगणना झाली, आमचे सगळे ट्रॅकर त्यात होते. आकडे जाहीर झाले : ८९१. २०२० मध्ये ६७४ होते. निम्म्याहून अधिक सिंह आता अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत, शेतांत, नदीकाठांवर, पार अमरेली-भावनगरपर्यंत. धारी, अमरेली हा एकेकाळी बडोद्याच्या गायकवाडांचा मुलूख. त्या कचेऱ्यांतून मोडी कागद लिहिणारे आपलेच लोक होते, या जंगलाची नोंद मराठीत होण्याची ही काही पहिली वेळ नसावी.

म्हातारीचा कळप दुपारी आंब्याच्या बागेत असतो. पाटाचं पाणी, दाट सावली. केसरचा तोडा चालू आहे. मजूर एका टोकाला पेट्या भरतात, दुसऱ्या टोकाला लेक झोपलेली. दोन्हीकडून कोणी ओलांडत नाही. बागवाल्याने फक्त सांगितलं की तोडा संपेपर्यंत जिप्सी आत आणू नका, माणसं बिचकतात, सिंह बिचकत नाहीत.

खाच ११ तारखेला शेवटची दिसली, पोट खाली उतरलेलं, आचळं भरलेली. नंतर नाही. गर्भकाळ साधारण ११० दिवस. ९ जानेवारीपासून मोजलं तर २९ एप्रिल येतो, ३० जानेवारीपासून २० मे. ११ मे रोजी ती अजून भरलेली होती.

७ जून

सापडली. २०२१ च्या तौक्ते वादळात आडवा झालेला एक वड आहे, मुळांचा पंखा वर, खाली पोकळी. खाच तिथून बाहेर आली, पाणी पिऊन परत गेली. पोट आत गेलेलं, आचळांभोवतीचे केस चिकटलेले. आम्ही दीडशे मीटरवर थांबलो. दोन मिनिटांनी आतून आवाज आला, मांजराच्या पिल्लापेक्षा जाड, घोगरा. एकाहून जास्त. पुढे गेलो नाही. तिने जागा बदलली तर उन्हात पिल्लं उचलून न्यावी लागतील, तेवढ्यासाठी मला फोटो नको.

१३ जून

१६ तारखेपासून पावसाळी बंदी. आज शेवटची फेरी.

पश्चिमेला ढग भरून आले होते. ५.५० ला खाच वडातून बाहेर आली, तोंडात छावा. मानेची कातडी धरलेली, चारही पाय आखडून घेतलेले, शेपटी पोटाशी. रस्ता ओलांडून चढावर गेली. अकरा मिनिटांनी रिकामी परत आली. दुसरा उचलला. हा ओरडत होता, एक पाय हलवत होता. पुन्हा चढावर. तिसऱ्यांदा ती आली नाही. दोन.

रस्त्याच्या मऊ मातीत तिचे ठसे. तिच्या ठशांखाली, काल रात्रीचा, एका मोठ्या नराचा माग, त्याच दिशेने चढावर गेलेला. काका बसले, वितीने मोजलं. “रुंद्या.” मग थोडं पुढे जाऊन, दगडाच्या कडेला आणखी एक ठसा दाखवला, दक्षिणेकडून आलेला, एकट्याचा. तो मोजायला त्यांना वेळ लागला. ते काही बोलले नाहीत, माझ्याकडे बघितलं.

“काळ्या?” मी विचारलं.

“मोढुं नथी जोयुं, बेन.”

नोंद : अनोळखी नर, १.

वहीत नवं पान केलं. छावा १ : डावा गाल, उजवा गाल. छावा २ : डावा गाल, उजवा गाल. चार चौकटी आखल्या, आत ठिपक्यांच्या दोन-दोन रिकाम्या ओळी. पहिले थेंब पानावर पडले तेव्हा काकांनी वही माझ्या हातातून घेऊन खताच्या पिशवीत गुंडाळली, दोरी बांधली आणि सीटखाली ठेवली. १६ ऑक्टोबरला उघडायची.